पत्रसमारोप (औपचारिक)

औपचारिक पत्राचा किंवा ई-मेलचा मुख्य मजकूर संपल्यानंतरचा भाग. त्यात विनंतीचे शेवटचे वाक्य, 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू', सही, नाव, हुद्दा आणि सहपत्रांची नोंद येते.

मराठी दप्तरात या भागाची शिस्त जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुख्य मुद्रा असे, अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा. मजकूर तिथे संपला, पुढे कोणी ओळ घुसडू नये, हा तिचा उपयोग. 'आपला आज्ञाधारक' हा इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांचा वारसा. शाळेच्या रजाचिठ्ठीत तो अजून दिसतो. नागरिकाने कार्यालयाला लिहिताना मात्र 'विश्वासू' हेच योग्य. शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे येते, त्याचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 मध्ये आहे.

मुंबई उपनगरात समारोपाचा खरा कस लागतो तो सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पत्रांत. महापालिकेच्या मुलुंडमधील टी विभाग कार्यालयात किंवा घाटकोपरच्या एन विभागात पाण्याच्या कमी दाबाची तक्रार द्यायची, तर ती एका रहिवाशाची नव्हे, संस्थेची आहे हे शेवटीच स्पष्ट व्हावे लागते. म्हणून उजवीकडे आधी 'अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादितकरिता', खाली सहीपुरती मोकळी जागा, मग कंसात पूर्ण नाव आणि 'मानद सचिव'. गोल शिक्का सहीलगत मारावा, नावावर नको. नाव झाकले की उत्तर कोणाच्या नावे धाडायचे हे कळत नाही. डावीकडे 'सोबत : पाणीबिलाची प्रत', त्याखाली 'प्रत माहितीसाठी'. सही एकटीच नव्या पानावर जाऊ देऊ नये, तिच्यासोबत मजकुराच्या निदान दोन ओळी हव्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच पुढच्या प्रत्येक स्मरणपत्राचा आधार ठरते.

ई-मेलमध्ये 'धन्यवाद' किंवा 'कळावे' यानंतर नाव, हुद्दा, संस्था व दूरध्वनी एवढे पुरते. ते युनिकोडमध्ये टंकावे. जुन्या फॉन्टमधील अक्षरे समोरच्याच्या संगणकावर वाचता येतीलच असे नाही. सहीचे छायाचित्र चिकटवणे म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील डिजिटल स्वाक्षरी नव्हे. तिला प्रमाणपत्र लागते, आणि शासन निर्णय अशाच स्वाक्षरीने साक्षांकित केले जातात.