वाऱ्याचा वेग आणि कर्ण्याचा सूर

वादळांचा इतिहास लिहिणाऱ्यास एक विचित्र अडचण नेहमीं सोसावी लागे. वारा जितका प्रचंड, तितकी त्याची नोंद अपुरी. कारण ज्या क्षणीं ती नोंद खरोखर मोलाची ठरावयाची, त्याच क्षणीं वेगमापक आपल्या खांबासकट उन्मळून जाई. अमेरिकेच्या मध्यभागांतील सपाट प्रदेशांत मुख्यतः वसंत ऋतूंत उठणाऱ्या टॉर्नेडो नांवाच्या भयंकर वावटळींविषयीं तर अगदीं अलीकडेपर्यंत हाच प्रकार होता. शिकागो विद्यापीठांतील फुजिता यांनीं 1971 मध्यें या वावटळींची जी प्रसिद्ध प्रतवारी लावली, तीहि मोडक्या घरांवरून व उपटलेल्या झाडांवरूनच. आरोपीस न पाहतां केवळ पंचनाम्यावरून निकाल द्यावा, तशांतलाच हा मामला होता.

हा पेंच सुटला तो एका जुन्या तत्त्वानें. लहरींचा उगम आपल्याकडे येत असला तर त्या दाटतात व दूर जात असला तर विरळ होतात, असें डॉप्लर यांनीं प्राग येथें 1842 मध्यें प्रतिपादन केलें. फलाटावरून धडधडत जाणाऱ्या मेलगाडीची शिटी आपल्यापुढून जातांच खालच्या स्वरांत उतरते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं कोणास नाहीं? परंतु तेव्हां आगगाडीच नवी होती. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघावयास अजून अकरा वर्षें होतीं. डॉप्लर यांनीं आपलें तत्त्व ताऱ्यांच्या रंगांना लावलें होतें, व तें हॉलंडांतील बाइस बॅलट यांना पटेना. म्हणून 1845 मध्यें त्यांनीं युट्रेख्टजवळच्या लोहमार्गावर गाडींत कर्णेवाले बसविले आणि रुळांच्या कडेस सूर अचूक ओळखणारे संगीतज्ञ उभे केले. फेब्रुवारींतला पहिला प्रयोग थंडीनें व बर्फानें फसला. जूनमध्यें तो पुन्हां केला, तेव्हां येत्या गाडीचा सूर चढलेला व जात्या गाडीचा उतरलेला आढळला. ध्वनीपुरतें तत्त्व खरें ठरलें; ताऱ्यांविषयींचे आक्षेप त्यांनीं सोडले नाहींत! गंमत अशी कीं, हेच बाइस बॅलट पुढें वाऱ्याचे शास्त्रज्ञ म्हणून कीर्ति पावले. उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिल्यास कमी दाबाचा प्रदेश डाव्या हातास येतो, हा नियम त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. आपले कर्णेवाले एक दिवस वारा मोजतील, असें त्यांच्या मनांत आलें असेल असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

कर्ण्याची जागा पुढें रडारनें घेतली. रडारच्या लहरी पावसाच्या थेंबांवर किंवा उडणाऱ्या कचऱ्यावर आपटून परततात, व त्यांच्या कंपनांत पडलेल्या फरकावरून थेंब वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा वेग कळतो. तापमानासाठीं तर ध्वनीलाच लक्ष्य करण्याची युक्ति निघाली. कर्कश नाद आकाशांत सोडावयाचा व रडारनें त्याच्या वर चढण्याचा वेग मोजावयाचा. हवा एका अंशानें तापली कीं ध्वनीची गति सेकंदास सुमारें 0.6 मीटरनें वाढते, तेव्हां वेगावरून तापमान निघतें. हीं यंत्रें आज गाडीमागें जोडून नेतां येतात. मात्र वारा फार झाला कीं तो नादच उडवून नेतो, म्हणून वावटळीपुढें त्यांचा इलाज चालत नाहीं.

वावटळीजवळ जाण्याचे पहिले प्रयत्न निराळेच होते. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धांत 'टोटो' नांवाचें सुमारें 180 किलो वजनाचें यंत्रांनीं भरलेलें पिंप वावटळीच्या वाटेवर ठेवण्याची खटपट झाली. वावटळ त्याच्यावरून सरळ कधींच गेली नाहीं. 1984 मध्यें एकीची नुसती कड लागली, तर तें उलथून पडलें. दूरच्या मोठ्या रडारलाहि जमिनीलगतचें कांहीं दिसेना, कारण पृथ्वीच्या गोलाईमुळें त्याची शलाका तेथवर पोंचतां पोंचतां फार उंच गेलेली असे. तेव्हां रडारच वाहनांत घालणें भाग पडलें. ब्लूस्टाइन यांनीं 1991 मध्यें तिपाईवर मांडण्याजोगें लहान रडार नेऊन ओक्लाहोमांतील रेड रॉकजवळ सेकंदास 120 मीटरहून अधिक वेग नोंदला. 1995 मध्यें वुर्मन यांनीं मोठी तबकडी मालमोटारीवरच चढविली. 3 मे 1999 रोजीं मूर गांवावरून गेलेल्या वावटळींत अशा मोटारीनें ताशीं सुमारें 300 मैल वेग मोजला. त्या वावटळीनें 36 माणसांचे बळी घेतले.

खरा वाद पुढेंच आहे. 31 मे 2013 रोजीं एल रेनोजवळ रुंदींत 4 किलोमीटरांहून मोठी वावटळ उठली. तिचा पाठलाग करणारे संशोधक टिम समारस, त्यांचे पुत्र पॉल व सहकारी कार्ल यंग तिच्यांत मृत्युमुखी पडले. फिरत्या रडारनें तिचाहि वेग ताशीं 300 मैलांच्या घरांत मोजला, व सरकारी हवामान खात्यानें तिला सर्वांत वरची, क्रमांक 5 ची, प्रत दिली. परंतु ती बहुतेक मोकळ्या रानांतून गेली होती. पडझड बेताची म्हणून कांहीं महिन्यांतच ती प्रत 3 वर आणण्यांत आली. हें ऐकून हंसूं येतें खरें. तथापि आमच्या मतें त्या खात्याची बाजू अगदींच पोकळ नाहीं. हजारों जुन्या वावटळींची दुसरी कांहींच साक्ष नसल्यामुळें, एकीला रडारनें व दुसरीला कौलांनीं तोलूं लागल्यास तुलनाच बुडेल. पण 2021 मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत रडारनें मोजलेल्या वावटळी पडझडीवरून ठरविलेल्या प्रतीहून सरासरीनें एक पायरीहून अधिक उग्र निघाल्या. घरें किती मजबूत बांधावीं, याचा हिशेब मात्र त्या पडझडीच्या वहीवरच बराचसा चालत आला आहे.