पांचगणीच्या दारचीं माकडें

वाई मागें टाकून पसरणीचा घाट चढूं लागलें कीं, कठड्यावर ओळीनें बसलेली मंडळी दृष्टीस पडते. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केंस, तपकिरी तोंड, लांब शेपूट आणि येणाऱ्या मोटारीच्या खिडकीवर खिळलेली नजर. खिडकींतून एखादें केळें किंवा फुटाण्यांची पुडी बाहेर येते, क्षणभर गलका होतो आणि मोटार पुढें जाते. पांचगणींत हीच मंडळी बंगल्याच्या पत्र्यावर धाडदिशीं उडी घेऊन आपण आल्याची वर्दी देतात. तो आवाज ऐकतांच मुलें हर्षानें ओसरीवर धांवतात आणि गृहिणी लगबगीनें स्वयंपाकघराचें दार लावून घेते. एकाच घरांत, एकाच वेळीं हे दोन्ही प्रकार घडतात. आणि या गिरिस्थानाचा इतिहास पाहूं गेल्यास दोन्ही सारखेच जुने आहेत असें दिसून येतें.

बोलण्याच्या ओघांत सरसकट ‘माकडें’ म्हटलें जात असलें, तरी या डोंगरांत दोन निरनिराळ्या जाति आहेत. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, लांब शेपटीचा तो वानर. त्याचें पोट पानें पचविण्यासाठीं अनेक कप्प्यांचें बनलेलें असल्यामुळें तो बहुधा झाडावरच तृप्त असतो. दुसरें तें माकड. याच्या गालांत पिशव्या असतात. हातीं लागेल तें त्यांत कोंबून सुरक्षित जागीं जाऊन सावकाश चावावयाचें, ही त्याची रीत. दारीं येऊन मनुष्याच्या ताटावर डोळा ठेवणारें तें हेंच. तापी-गोदावरीच्या दक्षिणेकडील भारत सोडला, तर जगांत अन्यत्र कोठेंही हें माकड रानांत आढळत नाहीं. ज्याला येथील रहिवासी रोज हांकलतो, त्यास पाहावयाचें तर परदेशच्या अभ्यासकाला समुद्र ओलांडून यावें लागतें, ही गंमत बहुतेकांच्या ध्यानीं येत नाहीं.

गोऱ्या साहेबाचा पाय या पठारास लागण्यापूर्वीं दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर आणि तायघाट हीं पांच गांवें या परिसरांत नांदत होतीं, आणि घाटाखालीं वाई हें कृष्णाकांठचें क्षेत्र होतें. तेथील जुन्या घरांतून वैश्वदेव झाल्यावर भूतबळि काढण्याचा, गाईचा घांस आणि काकबळि बाहेर ठेवण्याचा प्रघात होता. गृहस्थानें जेवण्यापूर्वीं कुत्रा, कावळा, कृमिकीटक यांचाही भाग जमिनीवर ठेवावा, अशी आज्ञा मनुस्मृतींतही आहे. या आचारांतील एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. अन्न घराबाहेर ठेवावयाचें, तें घांसभर ठेवावयाचें आणि ठेवून आंत यावयाचें. घेणाऱ्याची मौज पाहत बसणें हा त्या दानाचा हेतु नव्हता. माकडाला तर मारुतीच्या नात्यानें विशेष अभय. शेतांत शिरलेल्या माकडास गोफण दाखविणारा शेतकरीही त्याचा जीव घेण्यास कचरत असे.

या प्राण्यांची शास्त्रीय नोंद इंग्रजी अमदानींत झाली. दख्खनची पाहणी करण्यासाठीं नेमलेल्या विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्यानें 1831 सालीं येथील सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढें मांडली. तींत वानर आणि माकड हीं दोन्ही आहेत. घाटांतील शेकरूस त्यानें एल्फिन्स्टन साहेबांचें नांव दिलें, तें शास्त्रांत आजही चालू आहे. पेशवाई बुडविणाऱ्या मुत्सद्द्याचें नांव झाडावर उड्या मारणाऱ्या खारीस मिळावें, आणि तिलाच पुढें महाराष्ट्रानें राज्यप्राण्याचा मान द्यावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!

पांचगणी वसविली ती जॉन चेसन यानें, एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत. महाबळेश्वरचा पावसाळा इंग्रजांस सोसवेना आणि पुण्याचा उन्हाळाही नको. मधली, बारमाही राहतां येईल अशी जागा हवी होती. ती येथें सांपडली. चेसन हा हाडाचा बागाईतदार. त्यानें निरनिराळ्या देशांचीं झाडें आणून लावलीं. आज पांचगणीची ओळख होऊन बसलेला सिल्व्हर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा वृक्ष आहे. तो सरळ वाढतो, शोभिवंत दिसतो, थंड सांवली देतो. परंतु उंबर, जांभूळ, वड यांच्याप्रमाणें फळांनीं लगडून वानरसेनेचें पोट भरणें त्याला ठाऊक नाहीं. बंगले आले, त्यांच्या मागोमाग आंबा-पेरूच्या बागा आल्या, केराच्या टोपल्या आल्या, आणि रुंद ओसऱ्या आल्या. माकडास घराकडे ओढणारें सारें साहित्य असें मनुष्यानेंच मांडून ठेविलें.

येथूनच प्राण्यांस खाऊं घालण्याचें रूप पालटलें. बंगल्यांत उतरणारा पाहुणा महिना-दोन महिन्यांसाठीं येई. त्याला शेत राखावयाचें नव्हतें, वैश्वदेवही करावयाचा नव्हता. त्याच्या हातीं मोकळा वेळ होता. पुढें वसतिगृहांच्या शाळा निघाल्या. 1912 सालीं डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं क्षयरोग्यांसाठीं बेल-एअर हें आरोग्यधाम काढलें. त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें. मोकळी हवा, पौष्टिक अन्न आणि विश्रांति एवढाच काय तो उपाय. महिनोन् महिने खाटेवर पडून राहिलेल्या माणसास समोरच्या फांदीवर कोणती माकडीण पिलास पोटाशीं घेऊन बसली आहे, कोणता दांडगा नर तिचा घांस हिसकावून घेतो, हें पाहण्यासारखी दुसरी करमणूक ती कोणती असणार? अशा जिवानें उशाच्या बशींतलें बिस्किट खिडकीबाहेर ठेविलें असेल, तर त्यास दोष देण्यास जीभ धजत नाहीं.

मात्र डोंगराच्या उतारावरील शेतकऱ्याची बाजूही तितकीच खरी आहे. बंगल्यांत धीट झालेली टोळी शेतांत गेल्यावर भीत नाहीं. महात्मा गांधी सुटकेनंतर 1944 च्या जुलैंत विश्रांतीसाठीं पांचगणीस राहिले होते, आणि 1946 च्या जुलैंतही ते येथें होते. त्याच 1946 सालीं, देशांत अन्नटंचाई असतांना, पिकें खाणाऱ्या माकडांचा प्रश्न त्यांच्या ‘हरिजन’ पत्रांत चर्चिला गेला होता. तीन माकडांची छोटी मूर्ति जवळ बाळगणाऱ्या या अहिंसेच्या उपासकानें दिलेला निर्वाळा अनेकांस धक्का देणारा होता. शेती करावयाची तर अटळ तेवढी हिंसा पत्करावी लागेल, पिकें खाणाऱ्या माकडांस मारण्याचीही पाळी येईल. समाज दुष्काळांत असतां अहिंसेच्या नांवाखालीं पीक खाऊं देणें हें पापच होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माकड पवित्र आहे कीं उपद्रवी, या वादांत न पडतां त्यांनीं भुकेल्या माणसाचें ताट समोर ठेविलें.

याच्या अगदीं उलट टोंक पाहावयाचें तर मराठवाड्यांत जावें लागेल. धाराशिव जिल्ह्यांतील उपळें या गांवीं बत्तीस एकर जमीन चक्क माकडांच्या नांवें कागदोपत्रीं नोंदलेली आहे, ही हकीकत 2022 सालीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली. दारीं आलेल्या माकडास तेथें कोणी विन्मुख पाठवीत नाहीं. पूर्वीं लग्नकार्यांतही आधीं माकडांस मान देऊन मगच विधीस आरंभ होई. त्या जमिनीवर वनखात्यानें झाडें लाविलीं आहेत. नुसता घांस न देतां राहावयास जागा देणारें हें गांव शहाणेंच म्हटलें पाहिजे.

आतां शास्त्राचें म्हणणें. शिजविलेलें, गोड, खारट अन्न सहज मिळूं लागलें कीं, माकड रान धुंडाळणें कमी करतें, आपसांत अधिक भांडतें, आणि देणाऱ्याचा हात आंखडला कीं त्यालाच चावतें. एकटक पाहणें ही गोष्ट त्याच्या भाषेंत धमकीची आहे. प्रेमानें डोळ्यांत डोळे घालून हंसणाऱ्या मुलास ओरखडा कां निघतो, याचें उत्तर येथें आहे. रोगाचीही गोष्ट आहे. 1957 सालीं तेव्हांच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत क्यासनूरच्या जंगलांत माकडें पटापट मरूं लागलीं, आणि गोचिडींवाटें तो ताप माणसांस जडला. 2016 सालीं तो सिंधुदुर्गांतही येऊन ठेपला. दारच्या प्रत्येक माकडास भ्यावें असा याचा अर्थ नव्हे. पण मेलेल्या माकडास हात न लावतां वनखात्यास कळवावें, इतकें प्रत्येक घरांत ठाऊक असावें.

आणि या उपद्रवी म्हटलेल्या प्राण्याची संख्या वाढत नसून घटत आहे. कर्नाटकांत प्रा. मेवा सिंग व त्यांचे सहकारी यांनीं 1989 पासून 2015 पर्यंत त्याच त्याच रस्त्यांवर पाहणी केली. तेथें हीं माकडें निम्म्याहूनही कमी उरलीं असें आढळलें. रस्ते रुंद करतांना दुतर्फाचे जुने वड तोडले गेले, हें त्याचें एक मोठें कारण. उत्तरेकडून लाल तोंडाचें दुसरें माकडही त्याच्या मुलखांत सरकत आहे. सुरूर-वाईच्या रस्त्यावरील वडांच्या सांवलींतून जाणाऱ्या पांचगणीच्या प्रवाशास हें निराळें समजावून सांगावयास नको.

महाबळेश्वर-पांचगणीचा टापू 2001 च्या जानेवारींत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तरीही कोणत्या बंगल्याच्या आवारांत काय लावावें, हें घरधन्याच्याच हातीं राहतें. जांभूळ, अंजनी, हिरडा हीं येथील मूळचीं झाडें. ज्या आवारांत एखादें जुनें जांभळाचें झाड टिकून आहे, तेथें पावसाच्या तोंडावर फळ पिकतें. टोळी येते, ओसरीकडे ढुंकूनही न पाहतां झाडावर चढते, गालाच्या पिशव्या भरते आणि दुपारपर्यंत खालचें अंगण जांभळें करून टाकते. मुलें खिडकींतून पाहत असतात. स्वयंपाकघराचें दार मात्र त्या दिवशींही बंदच असतें.