वंशावळ नसलेला याजक

मलकीसदेक हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले नसेल. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात तो तीन वचनांपुरता येतो आणि नाहीसा होतो. चार राजांनी सदोम लुटून अब्रामाचा पुतण्या लोट यास धरून नेले होते. अब्रामाने घरची ३१८ माणसे घेऊन रात्री छापा घातला व पुतण्याला सोडवून आणले. परतताना शालेमचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन त्यास सामोरा आला. हा राजा परात्पर देवाचा याजक, म्हणजे पुरोहितही होता. त्याने अब्रामाला आशीर्वाद दिला. अब्रामाने त्यास दहावा हिस्सा दिला. एवढीच कथा. ज्या ग्रंथात अमक्याचा मुलगा तमका अशा याद्यांनी पानेच्या पाने भरली आहेत, तेथे या माणसाचा बाप कोण, तो मेला कधी, याचा उल्लेखच नाही.

या अनुल्लेखावर पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्राची एक मोठी इमारत उभी राहिली. ती का, हे समजण्यासाठी आधी इस्राएल लोकांची व्यवस्था पाहिली पाहिजे. त्यांच्यात याजकपद जन्माने मिळे. लेवीचा वंश, त्यातही अहरोनाचे घराणे. राजपद दावीदाचे, म्हणजे यहूदाच्या वंशाचे. उज्जिया राजा धूप जाळण्यास मंदिरात शिरला तेव्हा याजकांनी त्यास अडवले आणि त्याच्या कपाळावर कोड उठले, असे जुना करार सांगतो. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले, त्या वेळची एज्राच्या ग्रंथातील हकीकत आम्हांस फार बोलकी वाटते. काही याजक घराण्यांना वंशावळीच्या नोंदीत आपले नाव सापडेना. त्यांस अशुद्ध ठरवून याजकपदावरून दूर केले गेले. वहीत नाव नाही म्हणून दारातून परत फिरणे काय असते, हे गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या बदली कामगाराला निराळे सांगावे लागत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘इब्री लोकांस पत्र’ लिहिणाऱ्यापुढे हाच पेच होता. येशूला तो महायाजक म्हणू पाहतो, आणि येशू तर यहूदाच्या वंशातला! जन्माचा दाखला आड आला. तेव्हा त्याने एकशे दहावे स्तोत्र पुढे केले. त्यात राजाला मलकीसदेकाच्या परंपरेतील सर्वकाळचा याजक म्हटले आहे. मग त्याचा युक्तिवाद पाहा. आशीर्वाद मोठा देतो, लहान घेतो. म्हणजे मलकीसदेक अब्रामाहून मोठा. लेवी हा अब्रामाचा पणतू, तो त्या वेळी पणजोबाच्या देहातच होता. म्हणजे पुढे इतरांकडून दशमांश घेणाऱ्या लेवीनेही अब्रामाच्या हातून येथे दशमांश भरला! आणि ज्याला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही, त्याचे याजकपद रक्ताने आलेले नाही. ते अविनाशी जीवनाच्या बळावर आलेले आहे. औद्योगिक न्यायालयात आम्ही पुष्कळ वकील ऐकले, पण समोरच्या दप्तरात जे लिहिलेलेच नाही त्यालाच साक्षीला उभे करणारा असा वकील विरळा.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या पत्रकाराने वंशाचे दार उघडले ते एकासाठी, सर्वांसाठी नव्हे.

वंशावळ नसलेला माणूस लोकांच्या पचनी पडणे कठीणच. ज्यू पंडितांच्या एका परंपरेने त्यास नोहाचा मुलगा शेम ठरवून कुळ मिळवून दिले. उलट मृत समुद्राकाठी कुमरान येथील अकराव्या गुहेत १९५६ साली सापडलेल्या एका लिखाणात तो स्वर्गीय न्यायाधीश आहे. हे लिखाण १९६५ साली छापले गेले. त्यात कर्जमाफीच्या वर्षाचे आणि पन्नासाव्या, म्हणजे गुलामांच्या सुटकेच्या वर्षाचे नियम त्याच्याशी जोडले आहेत. मलकीसदेक येऊन बंदिवानांना मोकळे करील अशी आशा त्यात आहे. तेथले ऋण पापाचे आहे हे खरे; पण ऋणाखेरीज दुसरी उपमा त्या लोकांना सुचली नाही, हेही खरे.

भाकर व द्राक्षारस यांचा अर्थ तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने ख्रिस्ताच्या भोजनविधीशी लावला. इब्री पत्रात त्यांचा शब्दही नाही. सोळाव्या शतकात सुधारकांनी म्हटले की ती दमलेल्या माणसांची शिदोरी होती. १५६२ साली ट्रेंटच्या धर्मसभेने जुना अर्थच कायम केला.

दरम्यान १५२० साली मार्टिन ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिली. तीत तो मलकीसदेकाच्या रूपातील ख्रिस्ताचे वर्णन करतो, आणि तेथे न थांबता म्हणतो की आपले राजेपण व याजकपण ख्रिस्त प्रत्येक श्रद्धावंताला वाटून देतो. चांभार, लोहार, शेतकरी सगळेच याजक! पाच वर्षांनी, १५२५ साली, मेमिंगेन येथे दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहिल्या. पहिली मागणी आपला धर्मगुरू आपण निवडण्याची आणि काढण्याची. दुसरी दशमांशाची: धान्याचा दहावा हिस्सा देऊ, पण तो आमच्या निवडलेल्या माणसांनी गोळा करावा, धर्मगुरूच्या पोटापुरता देऊन उरलेला गावच्या गरिबांना द्यावा, गुराढोरांवरचा दशमांश मात्र मुळीच देणार नाही. ल्यूथरने त्याच वर्षी या बंडखोरांना मारून काढा असे राजेरजवाड्यांना लिहिले, आणि फौजांनी हजारो शेतकरी कापले.