उन्हाची पैमाईश

भारतवर्षात ऊन विपुल आहे, हे सांगावयास शास्त्रज्ञाची आवश्यकता कधीच नव्हती. परंतु ते कोठे, कोणत्या महिन्यात आणि नेमके किती पडते, याचा विश्वसनीय दाखला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारच्या दप्तरी फारसा नव्हता. पैमाईशीवाचून जमाबंदी ठरत नाही, तद्वतच मोजणीवाचून उन्हापासून विजेची आशा धरणे व्यर्थ होय. आणि या मोजणीच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे.

१९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरातील त्या वास्तूस ‘सिमला ऑफिस’ हे नाव कायमचे चिकटले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी उपकरणांचे काम पुण्यास चालूच राहिले. तेथे १९४८ साली ॲना मणी रुजू झाल्या. त्रावणकोर संस्थानात जन्मलेल्या या विदुषीने बंगलोरास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन केले होते.

वेधशाळांतून त्या काळी काचेचा भरीव गोळा असे. त्यातून एकवटलेले ऊन कागदी पट्टीवर जळकी रेघ उमटवी आणि रेघेच्या लांबीवरून उन्हाचे तास कळत. परंतु तास कळले म्हणून ऊर्जा कळत नाही, कारण ढगांतून विखरून येणारा प्रकाश ती पट्टी जमेस धरीत नाही. त्यासाठी तापलेल्या काळ्या पृष्ठभागाची उष्णता विद्युद्दाबाच्या रूपाने दाखविणारे पायरॅनोमीटर लागते. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या (१९५७-५८) निमित्ताने मणींनी देशात प्रारणमापनाच्या केंद्रांचे जाळे उभारले आणि आरंभी परदेशांतून आणावी लागणारी उपकरणे पुढे येथेच घडविण्याचा ध्यास घेतला. १९७६ साली त्या निवृत्त झाल्या, तरी या नोंदींचे सार सांगणारा त्यांचा संदर्भग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला.

जेथे विजेच्या तारा पोहोचल्या नाहीत, अशा डोंगरातील पाड्यास या आकड्यांचे मोल सर्वाधिक आहे. तेथे वर्षाची सरासरी उपयोगी पडत नाही. आषाढ-श्रावणातील झाकोळलेल्या दिवसांत किती ऊर्जा हाती येईल, हे पाहूनच सौरपट्ट्यांचे क्षेत्रफळ आणि बॅटरीची साठवण ठरवावी लागते, नाही तर वाटा बंद झालेल्या ऐन पावसाळ्यातच दिवे विझतात. उपग्रहांचे आजचे अंदाजही जमिनीवरील मापनाशी ताडूनच खरे करावे लागतात. म्हणून पाड्यावर सौरपट्ट्या बसविण्यास जितकी तत्परता दाखविली जाते, तितकीच आस्था या केंद्रांच्या देखभालीतही असली पाहिजे.