कुरुंद, लाख आणि धूळ

पॉलिश पेपर हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. त्यातून बोलणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर! पण सँडरला कोणती चकती लावायची हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. त्याच्या पोटात हजारो वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात अकाली गेलेली माणसंही आहेत. त्यांच्याकडे मी येणारच आहे, आधी थोडं मागे जाऊ.

आपल्या तळोद्याबद्दल जुन्या सरकारी गॅझेटिअरमध्ये एक नोंद आहे. हे गाव म्हणजे खानदेशातली इमारती लाकडाची मोठी बाजारपेठ, आणि खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या इथे तयार होतात, एका गाडीची किंमत ४० रुपयांच्या आसपास. अक्राणीच्या डोंगरातून साग उतरायचा आणि तळोद्यात त्याच्या गाड्या व्हायच्या. आता या गाड्या गुळगुळीत कशाने करत असतील? वाकस, रंधा, पटाशी, कानस ही हत्यारं होतीच. शेवटचा हात फिरवायला फुटक्या काचेचा तुकडा धरून लाकूड खरवडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. आणि महाराष्ट्राच्या जंगलात खरवत नावाचं एक झाड आहे, उंबराच्या जातीतलं. त्याची पानं इतकी खरखरीत की सुतार ती वाळवून लाकडावर घासत. निसर्गानेच दिलेला पॉलिश पेपर, फुकट!

पण खरी गोष्ट आहे ती कुरुंदाची. कुरुंद म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण दगड. कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मापात हिरा १० वर, कुरुंद ९ वर, आणि आपली साधी गारगोटी ७ वर. माणिक आणि नीलम ही त्याचीच रंगीत, पारदर्शक भावंडं. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. इंग्रजी शास्त्रज्ञांना या दगडाला नाव हवं होतं तेव्हा त्यांनी हेच दक्षिणेतलं नाव उचललं आणि त्याचं कोरंडम केलं. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडावर निबंध वाचला, तोपर्यंत आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तो वापरत होते.

कसा वापरत होते, ते पाहायला फार लांब जायला नको. अक्कलकुव्यावरून पुढे गेलं की राजपिपळ्याचे डोंगर लागतात. त्यांच्या पलीकडच्या अंगाला रतनपूर आहे, अकीकाच्या खाणींचं. तिथला अकीक खंभातला जाई, आजही जातो. आपल्या प्रकाशे गावात, तापी आणि गोमाईच्या संगमावर, १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. अशा वस्त्यांमधून अकीकाचे घासलेले, भोक पाडलेले मणी सापडतात. हा व्यापार आणि ही कारागिरी आपल्या दारावरूनच गेलेली आहे.

खंभातचा कारागीर अकीक घासायला काय घेतो? कुरुंदाची पूड करायची, ती वितळलेल्या लाखेत कालवायची आणि थापून तिची चकती करायची. ती शाण. आपण चंदन उगाळतो ती सहाण याच शब्दाची लेक. आणि गंमत अशी की ही चकती एक नसते. भरड पुडीची वेगळी, मध्यम वेगळी, बारीक वेगळी. आधी भरडीवर, मग मध्यम, मग बारीक. मणी शेवटी कातड्याच्या पिशवीत ओल्या पुडीबरोबर घालून दिवसच्या दिवस घोळवायचे. म्हणजे आज दुकानात ८०, १२०, १८०, २२० असे आकडे सांगून आपण चकत्या मागतो, ती पायऱ्यांची कल्पना काही कुठल्या कंपनीची नाही.

इथे मला माझ्या विषयाकडे जरा वळू द्या. गुळगुळीत म्हणजे काय? ओरखडे नसणं? मुळीच नाही. प्रत्येक चकती ओरखडेच पाडते. पुढची चकती आधीचे मोठे ओरखडे पुसते आणि आपले लहान ओरखडे मागे ठेवते. शेवटी ते इतके लहान होतात की डोळा आणि बोट दोघंही हरतात, आणि आपण म्हणतो, झालं गुळगुळीत! म्हणून मधली पायरी गाळायची नाही. ८० वरून थेट २२० वर उडी मारली तर बारीक चकती मोठ्या चरांच्या नुसत्या कडा चमकवते, चर तसेच राहतात. लाकडाचा रंग चढला की ते भुतासारखे उठून दिसतात.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. कागदावर सरसाने काचेचा चुरा चिकटवायचा, हा १९व्या शतकातला उद्योग. आपला काचकागद हा शब्द तिथला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरे करायला गेला आणि विजेच्या भट्टीत वेगळेच कठीण स्फटिक हाती लागले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कुरुंद यांचं संयुग, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. निघालं ते सिलिकॉन कार्बाइड, त्यात कुरुंदाचा अंशही नाही. पण तमिळ शब्द मात्र त्या नावात कायमचा अडकून बसला! थोड्याच वर्षांत बॉक्साइटपासून कृत्रिम कुरुंदही भट्टीत होऊ लागला. आपल्या महाराष्ट्रात उरणजवळ मोरा इथे १९४१ साली ग्राइंडवेल कंपनीने चाकं घडवायला सुरुवात केली.

आता चकतीची निवड. लाकडासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे त्याच कृत्रिम कुरुंदाची. सिलिकॉन कार्बाइड जास्त कठीण पण ठिसूळ. ते दगडाला, काचेला आणि पॉलिशच्या दोन हातांमध्ये हलकं घासायला बरं. सागाचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा: त्यात तेल असतं आणि सिलिकाही असते. तेलाने चकतीचे कण बुजतात, सिलिकेने त्यांची धार जाते. म्हणून सागाला विरळ कणांची चकती घ्यावी, कणांमध्ये मोकळी जागा असलेली. ती कमी चोंदते. रंध्याने मारलेली फळी असेल तर ८० किंवा १२० ने सुरू करा, १८० किंवा २२० वर थांबा. चपड्याचं पॉलिश करणार असाल तर पॉलिशच्या दोन हातांमध्ये ३२०. चपडा म्हणजे पुन्हा लाखच. जी लाख खंभातला कुरुंद धरून ठेवते, तीच स्पिरिटमध्ये विरघळून आपल्या कपाटावर चमकते.

आणि चकतीची भोकं. सँडरच्या तळाला भोकं असतात, चकतीलाही असतात. पाच इंची चकतीला बहुधा आठ. दोन्ही जुळली पाहिजेत. दुकानात बिनभोकाची चकती दोन-चार रुपयांनी स्वस्त मिळते आणि वेल्क्रोवर बसतेही छान. पण भोकं नाहीत म्हणजे धूळ आत खेचली जात नाही, ती हवेत जाते. ही बचत मला मान्य नाही, आणि का ते आता सांगतो.

इंग्लंडात शेफिल्डला काटे-सुऱ्यांना धार लावणारे कामगार वालुकाश्माच्या चाकावर काम करत. एंगल्सने १८४५च्या आपल्या पुस्तकात तिथल्या डॉक्टर नाइट यांचे आकडे दिले आहेत: कोरड्या चाकावर घासणाऱ्याचं आयुष्य सरासरी जेमतेम ३५ वर्षं, ओल्या चाकावरच्याचं क्वचित ४५ च्या पुढे. वालुकाश्माची धूळ म्हणजे सिलिका. पुढे कृत्रिम चाकं आली आणि हा मृत्यू बराच मागे हटला. दगड बदलला म्हणून माणसं जगली.

आपल्याकडे काय? खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस आहे, हे वैद्यकाने वारंवार दाखवलंय. धडगावच्या समोर, नर्मदेपलीकडे अलिराजपूर. तिथले, झाबुआचे आणि धारचे आदिवासी मजूर गोध्रा, बालासिनोरकडे गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले आणि फुप्फुसं भरून परत आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. आपल्या सातपुड्यातली पोरंही गुजरातेत कामाला जातात. कोणी फर्निचरच्या कारखान्यात, कोणी स्वयंपाकघराच्या ओट्याचे दगड घासायला. तोंडाला रुमाल बांधलेला असतो, तेवढाच.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, कारण धूर दिसतो. इथे उलटं आहे. ८० नंबरच्या चकतीचा कण सुमारे २०० मायक्रॉनचा, तो दिसतो, बोटाला लागतो. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारी धूळ पाच मायक्रॉनच्या आतली. उन्हाच्या कवडशात नाचते ती धूळ आपण पाहतो आणि तिलाच घाबरतो. रुमाल अडवतो तीही तीच. जी दिसत नाही ती रुमालातून आरपार. लाकडाची धूळ निरुपद्रवी, असाही समज आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाकाचा कर्करोग. म्हणून भोकं जुळणारी चकती, सँडरला व्हॅक्यूम, तोंडावर एन-९५ मास्क. आणि दगड असेल तर ओला करूनच घासायचा, पाणी चालणाऱ्या यंत्रावर. विजेच्या साध्या सँडरवर पाणी ओतू नका, नाहीतर धुळीआधी करंट लागेल.

एक चिठ्ठी आली आहे. "एकच चकती लोखंडी ग्रिलला आणि लाकडी दाराला चालेल का?" नाही चालणार. लोखंडाचा चुरा चकतीत अडकतो आणि लाकडात रुतून बसतो. बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडाला पाणी लागलं की तिथे निळे-काळे डाग पडतात. शिवाय लोखंडाची ठिणगी सँडरच्या पिशवीतल्या भुश्श्यात गेली तर तो धुमसतो, कधी कधी तासाभराने, दुकान बंद करून तुम्ही घरी गेल्यावर. पिशवी रोज बाहेर नेऊन रिकामी करा. आणि ग्राइंडरला चकती लावणार असाल तर तिच्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना, एवढं वाचून घ्या. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो, तेवढ्या वेगाची नसलेली चकती फुटू शकते.