त्साइडलर : आडनावात उरलेला मधपाळ

१/८
म्युलर हे जर्मनीतील सर्वाधिक आढळणारे आडनाव. त्याचा अर्थ पिठाची गिरणी चालवणारा. श्मिट म्हणजे लोहार. मध्ययुगात गिरणी आणि लोहाराचा भाता जवळपास प्रत्येक वस्तीला लागत असे, म्हणून ही आडनावे सर्वदूर पसरली. त्यांच्या तुलनेत ‘त्साइडलर’ विरळ आहे आणि या विरळपणालाही इतिहास आहे.

२/८
त्साइडलर म्हणजे अरण्यातील मधपाळ. ‘त्साइडेल्न’ या क्रियापदाचा अर्थ पोळ्यातून मध कापून काढणे. हा मनुष्य जुन्या वृक्षाच्या खोडात, जमिनीपासून सुमारे ६ मीटर उंचीवर ढोली कोरी, तिच्या तोंडावर फळी बसवी आणि माश्यांसाठी छिद्र ठेवी. वादळात झाड मोडू नये म्हणून शेंडाही छाटला जाई.

३/८
एवढा खटाटोप कशासाठी? युरोपात साखर दुर्मीळ होती, त्यामुळे गोडव्याचा मुख्य आधार मध होता. चर्चमधील मेणबत्त्यांनाही मधमाश्यांचेच मेण लागे.

४/८
न्यूरेंबर्गभोवतीचे राइख्सवाल्ड हे राजकीय मालकीचे अरण्य या व्यवसायाचे मोठे केंद्र होते. १३५० मध्ये चौथ्या कार्लने तेथील मधपाळांना विशेषाधिकारांची सनद दिली. फॉइख्ट या गावी त्यांचे स्वतंत्र न्यायालय भरे. त्यांना क्रॉसबो हे यांत्रिक धनुष्य बाळगण्याचा हक्क होता आणि त्याबदल्यात राजाची शस्त्रसेवा करावी लागे. न्यूरेंबर्गच्या प्रसिद्ध ‘लेबकुखेन’ या मसालेदार केकलाही याच मधाची जोड मिळाली.

५/८
साधारण १२व्या ते १५व्या शतकांत जर्मन प्रदेशांत आडनावे वंशपरंपरागत झाली. पुढे मधपाळाचा मुलगा शिंपी झाला, तरी नाव त्साइडलरच राहिले. काही ठिकाणी त्याचे ‘त्साइट्लर’ असेही रूप झाले. मात्र हा व्यवसाय अरण्यांच्या प्रदेशापुरताच असल्याने नावाचा प्रसार मर्यादित राहिला.

६/८
कालांतराने साखर स्वस्त झाली. धर्मसुधारणेनंतर अनेक प्रदेशांत चर्चमधील मेणाची मागणी घटली. लाकडासाठी जुने वृक्ष तोडले गेले. ढोलीच उरली नाही, तेव्हा मधपाळही उरला नाही.

७/८
आजच्या जर्मन भाषेत मधपाळाला ‘इम्कर’ म्हणतात. हा शब्द मधमाशी आणि टोपली या अर्थांच्या दोन जुन्या शब्दांपासून बनला आहे. म्हणजे माश्या झाडावरून टोपलीत आल्या आणि व्यवसायाचे नावही बदलले. जुना शब्द बोलण्यातून गेला, पण आडनावात टिकला.

८/८
१९४८ ते १९६० या काळात अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे महापौर फ्रँक त्साइडलर होते. त्यांच्या नावाचा मधाशी संबंध तेथील किती मतदारांच्या ध्यानी आला असेल? वृक्षांवरील मधपालनाची कला मात्र पोलंड आणि बेलारूसमध्ये जिवंत आहे. युनेस्कोने २०२० मध्ये तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जर्मनीत ज्यांचे अरण्य गेले, न्यायालय गेले, त्या माणसांची आठवण आज दारावरच्या नावाच्या पाटीवर उरली आहे.