सोळा घरांतला ताल

महाशिवरात्रीच्या सुमारास महाडला वीरेश्वराचा छबिना भरतो. आसपासच्या गावांतून देवांच्या पालख्या येतात, सासणकाठ्या नाचवल्या जातात आणि रात्रभर खालूबाजा वाजत राहतो. ढोल-सनई वाजवणाऱ्यांत पोलादपूरकडच्या वाड्यांतली शाळकरी मुलेही असतात. हीच मुले लसाविच्या गणितात मात्र हमखास चुकतात, अशी तक्रार महाडच्या एका शिक्षक-शिबिरात आमच्या कानावर आली. आम्ही तिथे ‘ध्वनी’ या घटकावर बोलायला गेलो होतो आणि बरोबर पाटीएवढी एक पेटी नेली होती.

या पेटीला ग्रूव्हबॉक्स म्हणतात. ठेका, खर्जाची साथ आणि सुरावट ही तिन्ही कामे ती एकटी करते. आम्ही हौसेने तिच्यात ढोलाचा एक ठेका भरला आणि ऐकवला. ठेका अगदी अचूक होता, पण खोलीतला एकही पाय हलला नाही. स्वतः ढोल वाजवणारे एक गुरुजी मागच्या बाकावर बसले होते, ते नुसते हसले. ते का हसले हे कळायला आम्हाला या पेटीच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले.

पेटीच्या दर्शनी भागावर सोळा बटणे एका ओळीत असतात. प्रत्येक बटण म्हणजे काळाचे एक घर. बटण दाबले की त्या घरात आघात, नाही दाबले की शांतता. पेटी डावीकडून उजवीकडे घरे मोजत जाते आणि सोळाव्यानंतर पुन्हा पहिल्या घरावर येते. ही मांडणी ज्या यंत्रामुळे जगभर रूढ झाली ते जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे १९८० सालचे तालयंत्र. त्याची सोळा बटणे चार रंगांची होती: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी.

तबला शिकलेल्या वाचकाला ही रंगसंगती ओळखीची वाटेल. त्रितालाच्या सोळा मात्रा आणि त्यांचे चार-चारांचे चार विभाग नेमके असेच पडतात. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बंदिशी छापण्यासाठी जी स्वरलिपी रूढ केली तिच्यात मात्रांचे रकाने आखलेले असतात. समेखाली ×, खालीच्या जागी ०, टाळ्यांना २ आणि ३. म्हणजे काळाचे समान तुकडे करून ते कागदावर चौकटींत बसवण्याची कल्पना आपल्याकडे यंत्राच्या कितीतरी आधी छापली गेली होती. जपानी अभियंत्यांनी ती इथून घेतली असे मुळीच नाही. सोळाचे चार वेळा अर्धे-अर्धे करता येते, हे कोणत्याही देशातल्या कानाला सोयीचे आहे, एवढेच.

आता चौकटीत भरायचा आवाज यंत्र आणते कुठून? ८०८मध्ये ध्वनिमुद्रित ढोल नव्हता. झोक्याला एकदा धक्का द्यावा आणि तो हळूहळू थांबेपर्यंत हलत राहावा, तसे एका विद्युत-मंडलाला क्षणभर धक्का दिला की ते सेकंदाला सुमारे पन्नास कंपने करत विझत जाते. हाच त्याचा मोठा ढोल. विझण्याचा वेळ वाढवला की ‘धप्’चा ‘धुम्म’ होतो. झांजेची युक्ती याहून गमतीची आहे. परस्परांशी सोपे गुणोत्तर नसलेले सहा चौकोनी तरंग एकत्र करून, त्यांतला खालचा भाग गाळून टाकलेला असतो. वर्गात ताट, वाटी, पेला, झाकण, उलथने आणि लोटा एकदम वाजवून पाहावे. प्रत्येकाचा स्वर वेगळा ओळखू येतो, पण सहाही एकत्र आले की स्वर हरवतो आणि नुसता धातू ऐकू येतो. सहा मुले आणि सहा भांडी एवढ्यात अधिस्वरांचा पाठ होतो. फक्त शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावे.

८०८चा धाकटा जोडीदार टीबी-३०३. हा १९८१ सालच्या अखेरीस आला. एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी हा त्याचा उद्देश. तो सपशेल फसला. स्वर एकदा भरायचे आणि त्यांचा काळ दुसऱ्या खेपेत वेगळा भरायचा, अशी किचकट पद्धत होती. शिवाय आवाज खऱ्या बेस गिटारसारखा येत नसे. १९८४ साली त्याचे उत्पादन बंद पडले. पण त्या छोट्या पेटीत तीन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे करवती किंवा चौकोनी तरंगातले वरचे अंश कापणारी आणि कापण्याच्या जागी अनुनाद वाढवता येणारी गाळणी. एकाच पट्टीत ‘ऊ-ओ-आ-ए-ई’ असे सलग म्हणून पाहावे: गळ्यातला स्वर तोच राहतो, जीभ आणि ओठ गाळणीचे काम करतात. ३०३चे बटण फिरवले की यंत्र तसेच ‘बोलू’ लागते. दुसरी गोष्ट आघाताची. निवडक घरांवर जोर दिला की तिथे आवाज मोठा तर होतोच, शिवाय गाळणीही जास्त उघडते. तिसरी ‘स्लाइड’: एका घरातला स्वर न तुटता पुढच्या घरातल्या स्वरावर घसरत जातो. आपल्याकडे याला मींड म्हणतात.

ही मींड मुंबईतल्या एका वादकाच्या कानाने बरोबर हेरली. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार, बेस आणि सिंथेसायझर वाजवणारे कलावंत. नवी वाद्ये परदेशातून आणण्याचा त्यांना नाद होता. १९८२ साली त्यांनी ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर अशी तिन्ही रोलँड यंत्रे घेऊन मुंबईत एक तबकडी ध्वनिमुद्रित केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी ‘मिडी’ ही भाषा १९८३ची. त्याआधी एकाच कंपनीची यंत्रे एका तारेने जोडून त्यांची घड्याळे जुळवावी लागत. ठेका ८०८ने धरला, खर्जातली फिरती सुरावट ३०३ने, आणि वर ज्युपिटरवर भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे राग सिंग यांनी हाताने वाजवले. रागातले वर्ज्य स्वर यंत्रातही वर्ज्यच राहिले; त्यामुळे सोळा घरांची तीच ओळ शंभरदा फिरली तरी कान रागाबाहेर जात नाही. यंत्राची पुनरावृत्ती हा इथे दोष उरला नाही. ती तानपुऱ्यासारखी पार्श्वभूमी झाली. आमच्या मते या तबकडीतली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

१९८३ साली एचएमव्हीने ती बाजारात आणली. खप जेमतेम झाला आणि लोक ती विसरले. इकडे शिकागोत ३०३ जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागला होता. तिथल्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाने त्याची बटणे वाजता वाजता फिरवून १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती सिंग यांची जुनी तबकडी पडली, २०१०मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि ‘अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ असे मथळे झळकले. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

मथळे वाचून आपली छाती फुगते, पण इतिहास सांगताना जरा सावध राहिलेले बरे. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा काहीही पुरावा नाही. सिंग यांचाही नवा प्रकार काढण्याचा दावा नव्हता. त्या काळात डिस्कोची हवा होती, तिच्यात राग वाजवून पाहावेत एवढाच त्यांचा हेतू. विज्ञानाच्या इतिहासात एकच गोष्ट दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडल्याची उदाहरणे अनेक आहेत, तसे हे आहे. यंत्र तेच, त्याची गाळणी तीच. कुतूहलाने बटण फिरवणाऱ्या दोघांना सारखाच आवाज सापडला. पहिला कोण, यापेक्षा एकाची तबकडी सत्तावीस वर्षे धूळ खात का पडली, हा प्रश्न आम्हाला जास्त बोचतो.

‘ग्रूव्हबॉक्स’ हे नाव १९९६ सालच्या रोलँड एमसी-३०३ने रूढ केले. ८०८ आणि ३०३चे आवाज त्यात एकाच पेटीत कोंबलेले होते. नंतरच्या पेट्यांतली आम्हाला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे प्रत्येक वाद्याच्या ओळीची लांबी वेगळी ठेवता येणे. शिबिरात आम्ही ढोल सोळा घरांचा ठेवला आणि टिमकी सात घरांची, रूपकाच्या मात्रांइतकी. दोघे पहिल्या घरावर एकत्र निघाले आणि लगेच फुटले. पुन्हा एकत्र कधी येतील? एकशेबारा घरांनी, म्हणजे ढोलाची सात आवर्तने झाल्यावर. हा सात आणि सोळाचा लसावि. सात बदलून बारा केले तर अठ्ठेचाळीस. मग आम्ही तिहाई घातली: पाच आघात, एक रिकामे घर, असे तीनदा. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा. आणि सतरावे घर म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. पेटीत यासाठी फक्त टिमकीची लांबी सहा घरांची करून, सहावे घर रिकामे सोडायचे. ती पहिल्या, सातव्या, तेराव्या घरापासून सुरू होते आणि बरोबर समेवर येऊन आपटते.

आता ते गुरुजी पुढे आले. तिहाई त्यांना पाठच होती; आवर्तने पुन्हा जुळण्याच्या जागेला वर्गात लसावि म्हणतात हे त्यांना नवे होते. ते का हसले होते तेही त्यांनीच दाखवले. टेबलावर बोटांनी त्यांनी आमचाच ठेका वाजवला, तेव्हा जोडीतला दुसरा आघात किंचित उशिरा पडत होता. पेटीत यासाठी ‘स्विंग’चे बटण असते, अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी १९८०च्या आपल्या तालयंत्रात ही सोय दिली होती. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक घर १२५ मिलिसेकंदांचे पडते. दोन घरांच्या २५० मिलिसेकंदांची वाटणी १२५-१२५ ऐवजी १४५-१०५ केली, म्हणजे दुसरा आघात अवघा वीस मिलिसेकंद मागे ढकलला, की ठेका चालू लागतो. घड्याळाच्या काट्याला हा फरक दिसत नाही, पायाला कळतो.

गुरुजींनी बटण ५८वर नेले, थोडे मागे घेतले, पुन्हा पुढे नेले. मग टिमकीच्या सातव्या घरावर जोर द्यायला सांगितला, आणि तेवढ्यात मधली सुट्टी झाली. पण खोलीतून कोणी उठेना. दुपारच्या सत्रात त्यांनी फळ्यावर सोळा चौकटी आखल्या आणि पेटी आमच्याकडे परत सरकवून खडूने टेबलावर ठेका धरला.